निंबोळी अर्क उन्हात मारू नका



तूर फुलोऱ्यात आली की ग्रुपवर एक तक्रार ठरलेली: "निंबोळी अर्क मारला, अळी तशीच. सेंद्रिय औषधात दम नाही." औषध बनावट असू शकतं, नाही म्हणत नाही. पण आधी सांगा, फवारणी किती वाजता केली? सकाळी दहाला पंप पाठीवर घेतला असेल, तर तुमचं निम्मं औषध अळीनं नाही, उन्हानं खाल्लं.

निंबोळीत काम करतो तो घटक म्हणजे ॲझाडिरॅक्टिन. 1968 साली तो कडुनिंबाच्या बियांतून पहिल्यांदा वेगळा काढला गेला. त्यानं अळी तडकाफडकी मरत नाही. तिची भूक जाते, कात टाकणं बिघडतं, अन् हळूहळू ती संपते. यासाठी तो पानावर दोन-चार दिवस टिकायला पाहिजे. पण उन्हातले अतिनील किरण नेमके त्यालाच तोडतात. प्रयोगशाळेत त्याचा पातळ थर अतिनील दिव्याखाली ठेवला, तर तासाभराच्या आत निम्मा संपला. शेतातलं ऊन दिव्याइतकं तिखट नाही, पण दिवसभर असतं.

घाटे अळीच्या विषाणूचं, म्हणजे एचएएनपीव्हीचं, तेच. अळीनं तो पानाबरोबर खाल्ला तरच उपयोग. उन्हात एक-दोन दिवसांत त्याचा जोर पार उतरतो. म्हणून द्रावणात थोडी नीळ टाकायला सांगतात; ती विषाणूवर सावली धरते. संध्याकाळी मारलं तर रात्रभराचा अंधार मिळतो, आणि अळी खायला बाहेर पडते तीही त्याच वेळी. अळी लहान असतानाच मारा. बोटाएवढी झाल्यावर विषाणूची वाट बघण्यात अर्थ नाही.

आता मातीकडे या. तिथं गणित उलटं आहे. ऊन मातीत जेमतेम एखादा मिलिमीटर शिरतं. वर उघडी पडलेली निंबोळी पेंड उन्हानं खराब होते, तीच दोन बोटं खाली गाडली की उन्हाच्या हाती लागत नाही. खाली तिला तोडतात ते जिवाणू, तेही सावकाश. 25 अंश तापमानाच्या मातीत ॲझाडिरॅक्टिन निम्मं व्हायला साधारण 20 दिवस लागल्याचं मोजलेलं आहे. घाटे अळीचा विषाणू तर पानावर दोन दिवस टिकत नाही, पण मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतो. तेव्हा पेंड फेकली आणि घरी आलो, असं करू नका. त्याच दिवशी वखर नाहीतर कोळपं फिरवा. हुमणीसाठी मेटारायझियम वापरता ना, तेसुद्धा शेणखतात मिसळून, ओल असताना, मातीआड करा. त्या बुरशीचे बीजाणू कडक उन्हात काही तासांत मरतात.

मग उन्हाला टिकणारं औषध का नाही? आहे की. शेवंतीच्या जातीच्या फुलांतून निघणारं पायरेथ्रम असंच उन्हात विरायचं. त्याच्या धर्तीवर 1973 साली इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात उन्हाला टिकणारं परमेथ्रिन तयार झालं. आपण कापसावर मारतो ते सायपरमेथ्रिन त्याच घरचं. पण जे पानावर टिकतं ते शेंगेवरही टिकतं, मित्रकिडीवरही. निंबोळी उन्हात विरते हा तिचा दोष, आणि तोडणीच्या तोंडावर तीच मारावी याचं कारणही तेच.

अडचण आम्हाला माहीत आहे. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं, आणि फवारायला माणूस मिळतो तो सकाळचाच. यावर आमचं मत असं: सगळं रान एका सकाळी उरकण्यापेक्षा रोज संध्याकाळी साडेचारनंतर अर्धा-पाऊण एकर घ्या. शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून एक पॉवर स्प्रे केला तर अजून बरं. आभाळ भरून आलेलं असेल तर दुपार चालेल, पण पाऊस येण्यासारखा नको.

अर्क घरी करताना 5 किलो निंबोळीची पूड रात्री 10 लिटर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, आणि संध्याकाळपर्यंत सावलीत झाकून ठेवा. मारायच्या वेळी 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्यात घाला, पाणी टाकून 100 लिटर करा, त्याच दिवशी संपवा. बोअरचं पाणी फार जड असेल तर विहिरीचं घ्या, खारट-अल्कधर्मी पाण्यातही ॲझाडिरॅक्टिन लवकर मोडतं. निंबोळ्या जून-जुलैत गोळा कराल तेव्हा माळवदावर उन्हात पसरू नका, सावलीत वाळवा. विकतच्या बाटल्याही पत्र्याच्या शेडमध्ये नकोत, घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा.

गुण आला नाही तर अळीचा फोटो याच नंबरवर पाठवा. सोबत फवारणीची तारीख आणि वेळ लिहा.