नी-कॅप वजन उचलते का?

दिवाळीची सुट्टी संपली, सहलीची चर्चा सुरू झाली, की शिक्षकांच्या खोलीत गुडघ्यांचा विषय हमखास निघतो. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी तर यंदा गडावर येणारच नाही असे जाहीर केले. डॉक्टरांनी गुडघ्याची थोडी झीज झाली असल्याचे सांगितले होते. "नी-कॅप घालून या," एकजण म्हणाले. "नको, सवय लागली की गुडघा कमकुवत होतो," दुसऱ्यांनी सांगितले. "त्यापेक्षा विश्रांती घ्या," हा तिसरा सल्ला. आपण हे तिन्ही सल्ले तपासून पाहू.

आधी थोडे गणित करू. चालताना गुडघ्याच्या सांध्यावर किती भार येतो? २०१० साली बर्लिनच्या संशोधकांनी काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यातच बल मोजणारी यंत्रणा बसवून केलेली मोजमापे प्रसिद्ध झाली. सपाटीवर चालताना शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट आणि जिना उतरताना सुमारे साडेतीन पट भार आढळला. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीच्या गुडघ्यावर जिना उतरताना २१० किलो वजनाइतका भार येतो!

वजन ६० किलो, मग भार २१० किलो कसा? खुर्चीतून अर्धवट उठून तसेच थांबा आणि मांडीला हात लावून पाहा. पुढचा स्नायू दगडासारखा घट्ट झालेला असेल. गुडघा वाकला की शरीराचे वजन त्याला आणखी वाकवू पाहते. हा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून जाणाऱ्या कंडरेने नडगीचे हाड ओढून ते थांबवतो. पण सांध्यापासून या ओढीचे अंतर जेमतेम चार-पाच सेंटिमीटर असते. तरफेच्या नियमानुसार भुजा आखूड म्हणून बल मोठे लागते. या ओढीने दोन्ही हाडे एकमेकांवर दाबली जातात. वजनात या दाबाची भर पडते.

इतका भार एखादी लवचीक कापडी नळी पेलेल का? अर्थातच नाही. मग नी-कॅप घातल्यावर अनेकांना बरे का वाटते?

एक कारण सोपे आहे: ऊब. दुसरे मात्र वर्गात तपासण्यासारखे आहे. पाय लोंबकळतील अशा उंच बाकावर एका विद्यार्थ्याला डोळे मिटून बसवा. दुसऱ्याने त्याचा एक पाय उचलून काही कोनात धरावा. पहिल्याने न पाहता दुसरा पाय तितकाच उचलायचा. तिसऱ्याने फळ्यावरच्या मोठ्या कोनमापकाने दोन्ही कोन मोजून फरक लिहावा. असे दहा वेळा करून सरासरी काढा. मग उचलायच्या पायाच्या गुडघ्याला बेताचे घट्ट क्रेप बँडेज गुंडाळून हाच प्रयोग पुन्हा करा.

डोळे मिटूनही पाय कुठे आहे हे आपल्याला कळते, कारण स्नायू, कंडरा, सांध्याचे आवरण आणि त्वचा यांतील चेतातंतू मेंदूला सतत खबर देत असतात. पट्ट्याचा दाब त्वचेकडून येणाऱ्या या खबरीत भर घालतो, असे मानले जाते. १९९५ साली निरोगी व्यक्तींवर झालेल्या अशाच चाचणीत बँडेजमुळे अंदाज सुधारला. ज्यांचा अंदाज मुळात कच्चा होता त्यांचा जास्त सुधारला. बँडेज काढल्यावर मात्र सुधारणा टिकली नाही.

म्हणजे नी-कॅप हा खांब नव्हे, आठवण करून देणारा हात आहे. पाय टाकताना भरवसा वाटतो आणि माणूस चालतो. हे चालणेच महत्त्वाचे. हाडांच्या टोकांवरील कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. दाब पडला की तिच्यातला द्रव बाहेर जातो, दाब सुटला की स्पंजाप्रमाणे पुन्हा आत येतो. या ये-जा करण्यातून तिला पोषण मिळते. शिवाय गुडघा कमकुवत होतो तो मऊ नी-कॅपने नव्हे, दुखते म्हणून मांडीचा स्नायू वापरला न गेल्याने. त्यामुळे पूर्ण विश्रांतीचा सल्ला तोट्याचाच.

नी-कॅप घेताना दुकानदार सांगेल तिथे गुडघ्याचा घेर मोजून घ्यावा. ती चालताना वापरावी, झोपताना काढावी. पोटरी सुजली, बधिर वाटली किंवा पावलाचा रंग बदलला तर लगेच काढावी. सोबत व्यायाम हवाच: खुर्चीत बसून पाय सरळ करा, पाच अंक मोजेपर्यंत धरा, सावकाश खाली आणा, असे दहा वेळा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी आणि हात कठड्यावर. वजन कमी झाले तर भार त्याच्या कितीतरी पटीने घटतो, हे वरच्या गणितावरून ध्यानात येईलच.

मात्र गुडघा एकाएकी सुजला, लाल व गरम झाला, अडकला, दगा देऊ लागला किंवा पडल्यावर त्यावर भार देता येईना, तर डॉक्टरांकडेच जावे. अस्थिबंधाच्या दुखापतीसाठी बिजागरीचे, तर सांध्याच्या एका बाजूच्या झिजेसाठी त्या बाजूचा भार कमी करणारे पट्टे असतात. तेही त्यांच्याच सल्ल्याने वापरायचे.

आमच्या बाईंनी डॉक्टरांना विचारून रोज व्यायाम केला आणि नी-कॅप घालून शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारल्या. जानेवारीच्या सहलीत त्या माचीपर्यंत चढल्या. बालेकिल्ल्याची माहिती मात्र त्यांनी मुलांना खालूनच सांगितली. तुमच्या वर्गात कोनमापकाचे आकडे काय आले, ते नक्की पाहा!