कोंबडी परसात, अंडे ताटात

कळंबसारख्या तालुक्याच्या गावात बऱ्याच घरांमागे थोडेफार परस अजून शिल्लक आहे. तिथे चार-पाच कोंबड्या पाळाव्यात, मुलांना ताजी अंडी मिळावीत, असे अनेकांच्या मनात येते. विचार चांगलाच आहे. एका अंड्यातून साधारण ६ ग्रॅम उत्तम दर्जाची प्रथिने मिळतात. वरणभात-भाजीत न मिळणारे ब-१२ जीवनसत्त्वही मिळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने माणशी वर्षाला १८० अंडी सुचवलेली आहेत. म्हणजे चौघांच्या घराला ७२०. गावरान कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते. गिरिराज, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जातींची नीट सांभाळलेली कोंबडी दीडशेच्या आसपास. अशा पाच कोंबड्यांत घराची गरज भागते. नुसत्या अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही.

मात्र ही अंडी मुलांच्या अंगी लागतील का, हे कोंबड्या रात्री कुठे असतात यावरही ठरते. इथिओपियातील ग्रामीण मुलांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. कोंबड्या असलेल्या घरांतील मुलांची उंची वयाच्या मानाने चांगली आढळली. पण जिथे कोंबड्या रात्री राहत्या घरातच ठेवल्या जात, तिथे मुलांची वाढ कमी दिसली. त्यामागचे एक संभाव्य कारण असे : रांगते मूल जमिनीवरून हात फिरवते आणि तोच हात तोंडात घालते. विष्ठेतील साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टरसारखे जिवाणू पोटात जातात. प्रत्येक वेळी जुलाब होतातच असे नाही. पण आतड्याच्या अस्तराला सूज राहते आणि खाल्लेले नीट शोषले जात नाही. मूल जेवते, तरी वजन वाढत नाही.

मांजर, मुंगूस आणि चोराच्या भीतीने आपल्याकडेही कोंबड्या रात्री घराच्या कोपऱ्यात डालग्याखाली झाकतात. म्हणून पिल्ले आणण्याआधी खुराडे बांधावे. पाच कोंबड्यांना ४ फूट बाय ३ फूट जागा पुरते. खुराडे जमिनीपासून दोन फूट उंच, बारीक जाळीचे, कडी-कुलपाचे आणि स्वयंपाकघर व विहिरीपासून लांब असावे. समोर जाळीने बंदिस्त केलेले छोटे अंगण असावे. तळाशी भुसा किंवा तूस पसरावे आणि ओले होताच बदलावे. साफसफाईनंतर हात साबणाने धुवावेत, खुराड्याची चप्पल घरात आणू नये.

नवख्या माणसाने एक दिवसाची पिल्ले आणू नयेत. त्यांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. पाऊस ओसरल्यावर सात-आठ आठवड्यांचे पक्षी आणावेत. ते साधारण विसाव्या-बाविसाव्या आठवड्यापासून अंडी देऊ लागतात. उन्हाळा येईपर्यंत ते इथल्या हवेला सरावतात. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात, ती धापा टाकूनच अंग थंड करते. त्यामुळे मे महिन्यात दाट सावली, जाळीवर ओले पोते आणि मातीच्या भांड्यात गार पाणी हवेच.

कापूसपट्ट्यात आणखी काही पथ्ये आहेत. औषध लावलेले बियाणे कोंबड्यांच्या चोचीला लागेल असे ठेवू नये आणि फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा पाण्यासाठी कधीच वापरू नये. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात अनेक शेतकरी-शेतमजुरांचे बळी घेतले. ते विष कोंबडीमार्फत ताटात येता कामा नये. सरकीची ढेप जनावरांना चालते, पण तिच्यातील गॉसिपॉलमुळे अंड्याच्या बलकाचा रंग बिघडतो. बुरशी लागलेला मका आणि शेंगदाण्याची ढेपही टाळावी. कवच मजबूत व्हावे म्हणून शिंपल्यांचा चुरा द्यावा.

मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा रोग अख्खे खुराडे रिकामे करू शकतो. त्याची लस पहिल्या आठवड्यात थेंबांनी आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचून देतात. पक्षी घेतानाच कोणती लस झाली ते विचारावे आणि उरलेली पशुवैद्यकीय दवाखान्यात करून घ्यावी. पक्षी मलूल दिसला म्हणून घरातली अँटिबायोटिकची कॅप्सूल दाण्यात मिसळू नये. तिचा अंश अंड्यात उतरतो आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू वाढतात.

अचानक एकापाठोपाठ पक्षी मेले, तर ते कापू नयेत, खाऊ नयेत, उकिरड्यावर टाकू नयेत. मुलांना दूर ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवावे. देशातील बर्ड फ्लूची पहिली नोंद २००६ मध्ये आपल्याच राज्यातील नवापूरला झाली होती.

अंडे नेहमी पांढरे आणि बलक दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवावे. दुधात कच्चे अंडे फेटून मुलांना देऊ नये. आणि घरातील पहिले उकडलेले अंडे सर्वांत लहान मुलाच्या व गर्भवतीच्या ताटात पडावे. वाढीचे वय आणि गरोदरपणाचे महिने थांबत नाहीत. उरलेली अंडी खुशाल बाजारात जाऊ द्यावीत.