खिशातले रेल्वे घड्याळ किती जुने?



आपल्या भागात रेल्वेत नोकरी केलेली माणसे पुष्कळ. सोलापूरला रेल्वेच्या विभागाचे ऑफिस आहे, कुर्डुवाडीला वर्कशॉप आहे. त्यामुळे बऱ्याच घरांत ट्रंकेच्या तळाशी साखळीचे एक गोल घड्याळ सापडते. ते बंद असते. कोणी म्हणतो शंभर वर्षांचे, कोणी म्हणतो दोनशे. पण घड्याळाकडे नीट पाहिले तर ते आपले वय बरेचसे स्वतःच सांगते. कसे, ते आमच्या घरच्या घड्याळावरून सांगतो.

आमच्याकडे जुन्या वस्तू घेणारा एक माणूस आला होता. त्याने घड्याळ न उघडताच सांगितले, "साठ वर्षांचं असंल. चालत बी न्हाई. तीनशे देतो." ताईच्या ॲडमिशनचे पैसे भरायचे होते, म्हणून बाबा देतो म्हणत होते. आजी म्हणाली, "अरे, सोलापुरात पहिली आगगाडी आली तवाचं हाय ते! मामंजींच्या आज्याचं." मामंजी म्हणजे माझे पणजोबा. ते गार्ड होते. सोलापूरला रेल्वे आली १८६० साली. म्हणजे एकाच घड्याळाचे वय एकजण साठ सांगतो आणि दुसरे दीडशेच्या वर. मी बाबांना म्हणालो, आधी घड्याळजींना दाखवू, मग काय ते ठरवा.

घड्याळजींनी पहिल्यांदा मागचे झाकण पाहिले. त्यावर इंग्रजी अक्षरे कोरलेली आहेत, जी. आय. पी. आर., आणि खाली नंबर. ही अक्षरे म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. मुंबई ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला हिनेच सोडली. ५ नोव्हेंबर १९५१ ला ही रेल्वे मध्य रेल्वेत गेली आणि ते नाव संपले. तेव्हा हे घड्याळ १९५१ च्या अलीकडचे नाही. घेणाऱ्याचे साठ वर्षे तिथेच खोटे ठरले.

आपल्या जिल्ह्यात तर ही अक्षरे फार उपयोगी पडतात. कारण आपली रेल्वे सारखी नाव बदलत गेली. सी. आर. असेल तर मध्य रेल्वे, म्हणजे १९५१ नंतरचे. एस. सी. आर. असेल तर दक्षिण मध्य रेल्वे. सोलापूर विभाग २ ऑक्टोबर १९६६ ते २ ऑक्टोबर १९७७ एवढी अकरा वर्षेच तिच्यात होता! कुर्डुवाडी-बार्शीकडच्या कोणाच्या घड्याळावर बी. एल. आर. दिसले तर ती बार्शी लाईट रेल्वे, आपली छोटी गाडी. ती १८९७ साली सुरू झाली आणि १९५४ साली सरकारने घेतली.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. मागे इंजिनाचे छान चित्र आहे म्हणून घड्याळ रेल्वेचे होत नाही. खप वाढावा म्हणून कारखानदार तसे चित्र काढून ते बाजारात कोणालाही विकत. रेल्वेची अक्षरे आणि नंबर पाहिजे. तबकडी नवी छापून जुन्या घड्याळाला बसवणारेही असतात. तबकडी चकचकीत आणि काटे गंजलेले, असे दिसले की संशय घ्यावा.

आता आजीच्या म्हणण्याचे पाहू. आमच्या तबकडीवर वेस्ट एंड वॉच कंपनी, मुंबई-कलकत्ता असे लिहिले आहे. या कंपनीचा धंदा मुंबईत सुरू झाला १८८६ साली. घड्याळे स्वित्झर्लंडात बनत आणि इकडे विकली जात. जी कंपनीच १८८६ ची, तिचे घड्याळ १८६० चे कसे असेल? शिवाय तबकडीच्या अगदी खालच्या काठाला बारीक अक्षरात 'स्विस मेड' आहे. अमेरिकेने १८९० साली कायदा केला की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचे नाव इंग्रजीत पाहिजे. तेव्हापासून असे शब्द घड्याळांवर दिसू लागले. चावी देण्याची रीतही पाहायची असते. फार जुन्या घड्याळांना वेगळी किल्ली लागे, आणि ती घालायला मागे भोक असे. आमच्याला वर बोंडी आहे, तीच फिरवायची.

मग घड्याळजींनी झाकण उघडले. आत आणखी एक पातळ झाकण निघाले. त्याच्या आतल्या बाजूला भिंग लावून पाहिले तर सुईने ओरखडल्यासारखे काहीतरी होते. घड्याळजी हसले. म्हणाले, "हे आमच्या धंद्यातलं. दुरुस्तीला आलं की आम्ही आपली खूण आणि तारीख घालतो." मी वाचले : १२-३-३१. म्हणजे १९३१ साली हे घड्याळ दुरुस्त झाले होते. तेव्हा ते १८९० ते १९३१ च्या मधले. मला सगळ्यात जास्त मजा याच गोष्टीची वाटली. एवढ्या मोठ्या कंपनीच्या नावापेक्षा एका कारागिराच्या ओरखड्याने जास्त सांगितले.

गार्डला एवढे चांगले घड्याळ कशाला? तर गाडी किती वाजता सुटली, कुठे किती थांबली हे सगळे त्याला लिहावे लागे. (आता गार्ड म्हणत नाहीत. २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात.) अमेरिकेत ओहायो राज्यात किप्टन गावाजवळ एप्रिल १८९१ मध्ये दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. एका ड्रायव्हरचे घड्याळ चार मिनिटे बंद पडून पुन्हा चालू झाले होते, असे सांगतात. त्यानंतर तिथे वेब बॉल नावाच्या घड्याळवाल्याला रेल्वेची घड्याळे तपासायला नेमले आणि नियम कडक झाले.

आपल्याकडे तर वेळच एक नव्हती. १ जानेवारी १९०६ ला भारताची प्रमाणवेळ सुरू झाली. त्याआधी आगगाड्या मद्रासच्या वेळेवर चालत. ती आजच्या वेळेपेक्षा ९ मिनिटे मागे. मुंबई शहराची वेळ त्याहून अर्धा तास मागे! मुंबईकर घरचे घड्याळ पाहून निघाला तर गाडी गेलेलीच. आपल्या सोलापूरची सूर्याची वेळ आजच्या घड्याळापेक्षा सुमारे २६ मिनिटे मागे आहे. गणित सोपे आहे : प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, सोलापूर जवळजवळ ७६ अंशावर, आणि एका अंशाला चार मिनिटे. करून बघा.

घरी येऊन मी आजीला सगळे सांगितले. ती जरा गप्प बसली. मग तिने विचारले, "एकतीस साली मामंजी नोकरीला व्हते का?" बाबांनी पणजोबांचे नोकरीचे कागद काढले. ते १९२८ साली लागले होते. "मग त्यांचंच की ते," आजी म्हणाली. "त्यांच्या खिशातलंच हाय." तिने घड्याळ पदराने पुसले. बाबांनी ॲडमिशनचे पैसे मामांकडून उसने आणले.

तुमच्या घरी असे घड्याळ असेल तर चाकूने उघडू नका. झाकण वाकते आणि आतली चक्रे मोडतात. घासूनपुसून चकचकीतही करू नका, कोरलेली अक्षरे झिजतात. आणि आकडे किंवा काटे अंधारात चमकणारे असतील किंवा त्यांवर पिवळट, तपकिरी रंगाचा थर असेल तर तो नखाने मुळीच खरवडू नका. जुन्या घड्याळांत त्यासाठी रेडियम वापरीत. चमक गेली तरी रेडियम जात नाही, आणि त्याची पूड पोटात गेली तर घातक असते.

आमचे घड्याळ आता चालते. दिवसाला चार-पाच मिनिटे मागे पडते. सकाळी चावी देण्याचे काम माझ्याकडे आहे.