नेमात बाणाचा वाटा

५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिन येथील जागतिक तिरंदाजी स्पर्धेत सातारा जिल्ह्यातील अदिती स्वामी या १७ वर्षांच्या मुलीने कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले. अंतिम सामन्यात १५ बाणांत तिने १५० पैकी १४९ गुण मिळवले. त्याच दिवशी पुरुषांच्या गटात नागपूरच्या ओजस देवतळेने १५० पैकी १५० गुणांसह सुवर्णपदक पटकावले. दोघांचाही सराव साताऱ्यात, प्रवीण सावंत यांच्या मार्गदर्शनाखाली झाला होता.

अशा यशाचे श्रेय आपण डोळ्याला, हाताला आणि एकाग्रतेला देतो. ते योग्यच आहे. पण नेमात बाणाचाही वाटा असतो. तो किती, हे थोडे गणित करून पाहू.

या प्रकारात लक्ष्य ५० मीटरवर असते आणि दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ८ सें.मी. असतो. समजा, बाणाचा वेग सेकंदाला ८० मीटर आहे. हवेचा विरोध सोडून दिला, तर लक्ष्य गाठायला त्याला ०.६२५ सेकंद लागतील. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणामुळे तो सुमारे १.९ मीटर खाली येईल. म्हणून नेम तेवढा वर धरावा लागतो. आता पुढचा बाण फक्त एक टक्का हळू गेला तर? तो सुमारे ४ सें.मी. अधिक खाली लागेल. म्हणजे वर्तुळाच्या मध्यावर रोखलेला बाण थेट कडेवर!

वेगात एक टक्का फरक पडायला फार काही घडावे लागत नाही. तेच धनुष्य तेवढेच ओढले, तर बाणाला जवळजवळ तेवढीच ऊर्जा मिळते. गतिज ऊर्जा ½mv² असते, हे तुम्ही शिकलाच आहात. त्यावरून, वस्तुमान दोन टक्क्यांनी वाढले की वेग सुमारे एक टक्का घटतो. २० ग्रॅमच्या बाणात दोन टक्के म्हणजे केवळ ०.४ ग्रॅम! म्हणूनच तिरंदाज आपले बाण नाजूक काट्यावर तोलून एका वजनाचे जुळवतात.

वजन जुळले तरी काम संपत नाही. दोरी मागून जोराने ढकलते तेव्हा बाण लवतो आणि लवत-सरळ होत पुढे जातो. किती लवायचे, ते त्याच्या ताठपणावर ठरते. हा ताठपणा मोजायची रीत सोपी आहे. २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर बाण आडवा ठेवायचा, मध्यावर सुमारे ८८० ग्रॅम वजन टांगायचे आणि बाण किती झुकला ते मोजायचे. धनुष्याच्या जोराला साजेसा आणि सर्व बाणांत सारखा ताठपणा हवा.

साताऱ्याहून सांगली ओलांडून कोल्हापूर जिल्ह्यात गेले की राधानगरी तालुक्यात कांबळवाडी लागते. तेथील स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थिती प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. बाणाला लागू पडणारा नियम गोळीलाही चुकत नाही. .२२ रायफलची गोळी सेकंदाला सुमारे ३२० मीटर वेगाने गेली, तर ५० मीटरवर ती १२ सें.मी. खाली येते. एक टक्का वेग घटला की आणखी सुमारे २.४ मि.मी. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात आणि एक दशांश म्हणजे ०.८ मि.मी. तेव्हा तीन दशांश गेलेच! ही काडतुसे कारखान्यात बनतात. पण प्रत्येक घाण्यातली दारू, गोळी यांत बारीक फरक राहतो. म्हणून रायफल शिकंजात घट्ट धरून निरनिराळ्या घाण्यांतली काडतुसे उडवून पाहतात. ज्या घाण्याची छिद्रे सर्वांत जवळजवळ पडतात, तोच घाणा निवडतात.

छिद्रे मध्यावर पडतात की नाही, हे येथे का पाहत नाहीत? कारण सर्व गोळ्या एकाच बाजूला चार सें.मी. सरकून लागल्या, तर दर्शक फिरवून ती चूक काढता येते. विखुरलेल्या गोळ्यांवर मात्र असा उपाय नाही. आधी एकसारखेपणा, मग अचूकता, हा क्रम प्रयोगशाळेतल्या मोजमापांनाही लागू आहे.

तुम्हीही हे करून पाहा. खराट्याचे दहा हीर एकाच लांबीचे कापा. प्रत्येक हीर दोन पुस्तकांवर आडवा ठेवून मध्यावर तीच एक किल्ली दोऱ्याने टांगा. हीर किती झुकतो ते मोजपट्टीने मोजा आणि लिहून ठेवा. दिसायला सारखे दहा हीर. त्यांतले खरोखर सारखे किती निघाले?