'विकिरति' : उधळणे आणि विस्कटणे

पाली भाषेतील 'किरति' म्हणजे उधळतो, विखुरतो. संस्कृतातील 'कॄ' धातू तोच. मराठीतले प्रकीर्ण, विकीर्ण हे शब्द त्याच घरचे. धम्मपदाच्या एकविसाव्या वग्गाचे नाव 'पकिण्णकवग्ग'. विद्यार्थी ते पाठ करतात. पण त्याचा अर्थ 'निरनिराळ्या विषयांवरील विखुरलेल्या गाथा' एवढाच, हे पुष्कळांना सांगावे लागते. 'आकिण्ण' म्हणजे गजबजलेला. उपसर्ग बदलला की अर्थ बदलतो, म्हणून उपसर्ग सोडून शब्द पाठ करू नये.

महापरिनिब्बान सुत्तात हा धातू तीन रूपांनी येतो : ओकिरति, अज्झोकिरति, अभिप्पकिरति. कुसिनारा येथे जोडशालवृक्षांना अकाली फुले आली आणि ती तथागतांच्या देहावर बरसली. तेव्हा तथागतांनी आनंदाला सांगितले, की एवढ्याने तथागतांची खरी पूजा होत नाही. जो भिक्षू, भिक्षुणी, उपासक किंवा उपासिका धम्माप्रमाणे वागते, तिच्याकडूनच श्रेष्ठ पूजा होते. त्यांनी फुलांना मनाई केली नाही, हेही ध्यानात घ्यावे. मराठीत फुलेही उधळतात आणि पैसाही! जयंतीचा जमाखर्च मांडताना 'उधळणे' या शब्दाचे हे दोन्ही अर्थ आपल्या कार्यकर्त्यांनी आठवावेत, असे आम्हांस वाटते.

आमच्या मते या धातूचा सर्वांत मोलाचा वापर संयुत्त निकायात आहे. राध नावाच्या भिक्षूला तथागत मुलांच्या खेळाचा दृष्टान्त देतात. मुले मातीची घरे करतात. जोवर त्यांत जीव गुंतलेला असतो, तोवर ती घरे जपतात, 'माझे, माझे' म्हणतात. ओढ संपली की तीच मुले हातापायांनी ती घरे मोडतात. येथे क्रियापद 'विकिरति' आहे. त्याचप्रमाणे रूप, वेदना, संज्ञा, संस्कार व विज्ञान हे पाचही स्कंध विखरून टाक आणि तृष्णेच्या क्षयासाठी झट, असे तथागत सांगतात. फुले वाहणारा आणि घर मोडणारा, दोघांच्याही हाताला शब्द एकाच धातूचा. फरक 'ओ' आणि 'वि' यांचा.

या जागी काही जण 'नष्ट कर' असा अनुवाद करतात. तो चूक नाही, पण त्यात मुलांचे हातपायही दिसत नाहीत आणि मातीही दिसत नाही. नदीकाठी पायावर ओल्या वाळूचा खोपा केलेल्या कोणालाही 'विस्कटून टाक' हे लगेच कळते. अभ्यासवर्गात आम्ही तोच शब्द वापरतो.