नव्या माशाचे चार आठवडे

घरांत कांचेची एक टांकी असावी, तींत चार रंगीत मासे फिरत असावेत आणि दिवसभराच्या शिणानंतर घटकाभर त्यांच्याकडे पाहत बसावें, ही हौस आतां पुष्कळ घरांतून दिसते. हौस म्हटली कीं तिच्यामागें जबाबदारी आलीच. परंतु वेळेवर खाणें घालणें आणि पाणी बदलणें एवढ्यांतच ती संपते, असा बहुतेकांचा समज असतो. या दोहोंखेरीज तिसरी एक जबाबदारी आहे, व ती न पाळली तर पहिल्या दोन्ही व्यर्थ जातात. हें आम्ही अनुभवानें शिकलों. तो अनुभव मिरवण्यासारखा नाहीं, म्हणूनच येथें सांगत आहों.

आमच्या घरच्या टांकींत एंजल जातीच्या माशांची एक जोडी चार वर्षें सुखानें नांदत होती. धाकट्या पुतण्याची मुंज ठरली. पाहुणे येणार, दिवाणखाना शोभला पाहिजे, अशा विचारानें आम्हीं आदल्या संध्याकाळीं सहा लालभडक प्लॅटी विकत आणले आणि पिशवींतल्या पाण्यासकट टांकींत सोडले. मुंजीच्या दिवशीं सर्वांनीं टांकीचें कौतुक केलें. पांचव्या दिवशीं एका प्लॅटीच्या शेपटीवर मिठाच्या कणाएवढे दोन पांढरे ठिपके दिसले. आठव्या दिवशीं एंजल मासे दगडावर अंग घासूं लागले. मग धांवाधांव झाली, औषध आणलें व तें अंदाजानेंच ओतलें. पंधरवडा संपण्यापूर्वीं जुनी जोडी गेली व नव्यांपैकीं चार गेले. बटूनें विचारलें, "काका, माझ्या मुंजीमुळें मासे मेले का?" मुंजीमुळें नव्हे, आमच्या घाईमुळें मेले, असें त्याला सांगतांना आमची मान खालीं गेली.

नवीन आणलेला मासा मुख्य टांकींत न सोडतां कांहीं आठवडे वेगळ्या पाण्यांत ठेवावा, हीच ती तिसरी जबाबदारी. इंग्रजींत तिला 'क्वारंटाईन' म्हणतात. त्याचें मूळ 'चाळीस' या अर्थाच्या इटालियन शब्दांत आहे. आज डुब्रॉव्हनिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रगूसा बंदरानें १३७७ सालीं असा नियम केला कीं, प्लेगच्या प्रदेशांतून येणाऱ्यानें शहराबाहेर एक महिना काढावा. पुढें इतरत्र त्या तिसांचे चाळीस दिवस झाले. आमच्या पुण्यांत १८९७ सालीं प्लेगच्या वेळीं घरांच्या झडत्या आणि सक्तीच्या छावण्या यांनीं लोकांना जें सोसावें लागलें, त्यामुळें अशा बंदोबस्ताविषयीं अढी बसली. २०२० सालीं मात्र 'विलगीकरण' हा शब्द घरोघरच्या मुलांच्याही तोंडीं झाला. माशांच्या बाबतींत या विलगीकरणांत ना जुलूम आहे, ना सोवळें-ओवळें. कोणाला हलकें लेखावयाचें नाहीं; रोग असलाच तर त्याला बाहेर दिसून येण्यास पुरेसा अवधि द्यावयाचा, एवढेंच.

हा अवधि कां लागतो? आपल्याकडे शोभेचे पुष्कळ मासे पश्चिम बंगालमध्यें वाढवले जातात. तेथून प्राणवायु भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून ते प्रवास करतात, व्यापाऱ्याच्या टांकींत इतर ठिकाणच्या माशांत मिसळतात, मग किरकोळ दुकानांत येतात आणि अखेरीस आपल्या घरीं पोहोंचतात. इतक्या दगदगीनें त्यांची प्रतिकारशक्ति खालावते. दुकानांत धट्टाकट्टा दिसणारा मासा त्यामुळें आठवड्यानें आजारी पडूं शकतो. यांत दुकानदाराची लबाडी असतेच असें नाहीं. त्यालाही तो रोग दिसलेला नसतो.

आमच्याकडे आला तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. त्याच्या सूक्ष्म जीवाला १८७६ सालीं फुके या शास्त्रज्ञानें 'इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिस', म्हणजे जवळजवळ 'लेंकुरवाळी माशांची ऊ', असें नांव दिलें. तें सार्थ आहे. हा जीव माशाच्या कातडीखालीं वाढतो, आणि तेथें असेपर्यंत पाण्यांतलें औषध त्याला पोहोंचत नाहीं. पुरता वाढला कीं तो गळून तळाशीं पडतो, स्वतःभोंवतीं कोश करतो आणि एकाचे शेंकडों होतो. हीं पिलें पोहत निघतात व नवा मासा शोधतात. एकदोन दिवसांत तो न मिळाला तर बहुतेक मरतात. पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर हा फेरा साधारण आठवड्याभरांत पुरा होतो. थंड पाण्यांत त्याला कित्येक आठवडे लागतात. पहिल्या फेऱ्यांतले दोनचार ठिपके कल्ल्यांत दडून राहिले तर आपल्याला ते दिसतच नाहींत. म्हणून आठ दिवस पुरत नाहींत. चार आठवडे ठेवावे.

यासाठीं फार खर्च नको. सहा लहान माशांना चाळीस लिटरची साधी टांकी पुरते. तळाला वाळू घालूं नये, म्हणजे घाण ताबडतोब दिसते व काढतां येते. लपायला प्लास्टिकच्या नळाचे दोनतीन तुकडे ठेवावे. आडोसा मिळाला कीं मासा लवकर स्थिरावतो. वर झांकण हवें, कारण घाबरलेला मासा उडी मारतो. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन उडून जावें म्हणून पाणी उघड्या बादलींत एक दिवस ठेवावें, किंवा त्यासाठीं मिळणारे थेंब घालावे. थंडीच्या दिवसांत हीटर लागतो.

नवख्या माणसाची चूक बहुधा गाळणीच्या बाबतींत होते. माशांच्या विष्ठेंतून व श्वासांतून अमोनिया निघतो. जुन्या टांकींत कांहीं उपयोगी जंतु त्याचें आधीं नायट्राइट व मग बरेंच कमी घातक असें नायट्रेट करतात. नव्या टांकींत हे जंतु नसतात, म्हणून रोगापासून वाचवूं गेलेला मासा अमोनियानेंच मरतो. उपाय सोपा आहे. हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी मासे आणण्यापूर्वीं महिनाभर मुख्य टांकींत चालूं ठेवावी. जंतु स्पंजांत वस्ती करतात. मग तीच गाळणी उचलून नव्या टांकींत लावावी. खाणें बेताचें घालावें, दर दोनतीन दिवसांनीं चौथाई पाणी बदलावें, आणि बाजारांत मिळणाऱ्या थेंबांनीं अमोनिया व नायट्राइट तपासावे. दोन्ही शून्य असले पाहिजेत.

मासे घरीं आले कीं बंद पिशवी पंधरावीस मिनिटें पाण्यावर तरंगत ठेवावी, थोडें थोडें टांकींतलें पाणी पिशवींत घालावें, आणि मग मासा जाळीनें उचलून सोडावा. पिशवींतलें पाणी मोरींत ओतावें. वाड्यांतील विहिरींत किंवा ओढ्यांत कदापि नव्हे. जाळी, नळी व बादली या टांकीच्या वेगळ्या असाव्यात. कामें करतांना आधीं मुख्य टांकी व नंतर ही, असा क्रम ठेवावा आणि शेवटीं साबणानें हात धुवावे. नळी तोंडानें ओढूं नये. हाताला जखम असेल तर पाण्यांत हात घालूं नये, कारण माशांना क्षयासारखा रोग देणारा एक जंतु माणसाच्या कातडीलाही चिवट गांठी आणतो.

यानंतरचें खरें काम निरीक्षणाचें, आणि तें मुलांकडे सोंपवावें. एक वही करून रोज सकाळीं पांच गोष्टी लिहाव्या: मासा खातो का, पर मिटून बसतो का, अंग घासतो का, कल्ले जोरानें हलतात का, विष्ठा पांढरी व दोऱ्यासारखी आहे का. अंधारांत बाजूनें विजेरी धरली तर सोनेरी धुळीसारखा दिसणारा दुसरा एक रोगही लवकर ध्यानांत येतो. रोग ओळखल्याशिवाय औषध घालूं नये. तांब्याचें औषध गोगलगाई व झिंगे यांना मारतें. मीठ पुष्कळ माशांना मानवतें, पण खवले नसलेल्या कांहीं माशांना व वनस्पतींना बाधतें. औषध घालावयाचें तर पाणी लिटरांत मोजूनच. रोग निघालाच तर शेवटचें लक्षण नाहींसें झाल्या दिवसापासून पुन्हां चार आठवडे मोजावे. मध्येंच नवा मासा त्याच टांकींत घातला तरी मोजणी पहिल्यापासून.

नव्या वनस्पतींबरोबरही कोश येऊं शकतात. त्यांना मासे नसलेल्या कोमट पाण्यांत दोन आठवडे ठेवावें. इतकें करूनही सर्व रोग टळतात असें नाहीं. वर सांगितलेला क्षयासारखा रोग महिनोनमहिने लपून राहतो. परंतु जे रोग टांकी एका पंधरवड्यांत ओस पाडतात, ते बहुतेक या चार आठवड्यांत उघडे पडतात.

मुंजीनंतर टांकी रिकामी करून आम्हीं नव्यानें मांडली. यंदा एंजलची दुसरी जोडी आणली तेव्हां पुतण्यानेंच वही केली. अठराव्या दिवशीं "आतां सोडूं या" असें आम्हींच म्हटलें. त्यानें वही पुढें केली व उरलेले दिवस मोजून दाखवले. घरांत येणाऱ्या जिवाचें स्वागत करणें चांगलें; पण घरांत आधीं नांदणाऱ्या जिवांचेंही आपण कांहीं देणें लागतों. चार आठवड्यांचा धीर धरला कीं दोघांचाही मान राहतो.