दोन तुकड्यांचे धनुष्य

सीतास्वयंवरात शिवधनुष्य मोडले ते मधोमध, हे आपण कथाकीर्तनांतून ऐकत आलो आहोत. आज मी आपल्याला धनुष्य मधोमध कापायला सांगणार आहे. मात्र पुन्हा सांधण्यासाठी! आणि सांधा असा, की हवा तेव्हा जोडावा, हवा तेव्हा सोडवावा.

असा खटाटोप कशासाठी, असं आपण विचाराल. लाकडाचे लांब धनुष्य माणसाच्या उंचीचे असते, सहा फुटांच्या आसपास. बसमध्ये ते उभे राहत नाही आणि आगगाडीच्या फळीवर मावत नाही. विलायतेत गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात हीच अडचण आली. १८४४ साली यॉर्क येथे तिरंदाजीचा पहिला मोठा राष्ट्रीय मेळावा भरला, आणि हौशी मंडळी आपापली धनुष्ये घेऊन गावोगाव जाऊ लागली. तेव्हाच्या कारागिरांनी मुठीच्या जागी धातूची नळी बसवून धनुष्याचे दोन तुकडे केले. बग्गीत ठेवता येई म्हणून त्याचे नावच ‘बग्गीचे धनुष्य’ पडले.

दुसरा फायदा लाकडाचा. सरळ धाग्याचे, बिनगाठीचे सहा फुटी लाकूड मिळणे कठीण. तीन फुटी मिळते. यू असो, हिकोरी असो, की आपल्याकडची धामण असो, एकाच ओंडक्यातून शेजारी शेजारी फाडलेले दोन तुकडे घ्यावेत. सख्खे भाऊ जसे स्वभावाने जवळचे, तसे हे तुकडे सारखे वाकतात.

आता जोडाचे काम समजून घेऊ. दोन पोलादी नळ्या घ्यायच्या. एक दुसरीत बेताची घट्ट सरकणारी. आतली नळी वरच्या भुजेच्या लाकडावर पूर्ण चढवायची. बाहेरची नळी खालच्या भुजेवर निम्मीच चढवायची. उरलेला निम्मा भाग मोकळा, त्यात आतली नळी जाऊन बसते. नळ्या अंडाकृती असाव्यात. गोल असल्या तर भुजा एकमेकींभोवती फिरतात. मग खुंटी आणि खाच करावी लागते.

जोड सुटू नये म्हणून कडीकोयंडा लागेल, असे पुष्कळांना वाटते. तो लागत नाही. दोरी चढवली की ती धनुष्याची दोन्ही टोके एकमेकांकडे ओढते, म्हणजे सांधा आणखीच आत दाबला जातो. खरा जोर असतो तो वाकवण्याचा. चाळीस पौंडी धनुष्य २८ इंच ओढले, आणि नळ्या एकमेकींत पाच-सहा सेंटिमीटर शिरलेल्या असल्या, तर त्या जोडाच्या दोन कडांवर दोनशे किलोंच्या घरात दाब येतो. म्हणून पत्र्याची शिवण घातलेली नळी चालणार नाही. अखंड पोलादी, एक मिलिमीटरहून जाड भिंतीची नळी हवी.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट पाहावी. लाकूड पुरते सुकलेले आहे ना? पावसाळ्यात लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. पोलाद मात्र तसेच राहते. ओले लाकूड नळीत बसवले, तर मे महिन्यात मूठ खुळखुळू लागलीच म्हणून समजा.

लाकूड नळीच्या आकाराला आणताना घाई नको. नळीच्या आत दिव्याची काजळी लावावी, लाकूड हलकेच आत सारावे, आणि बाहेर काढून पाहावे. जिथे काळे उमटले तिथेच कानशीने खरडावे. असे दहा-वीस वेळा करावे लागते. हातोडीने ठोकून बसवायचा मोह आवरा. ठोकलेले लाकूड आतल्या आत चिरते आणि ती चीर दिसत नाही.

इथे मी माझी चूक सांगतो. पहिल्या धनुष्याला मी नळीच्या तोंडाशी करवतीने गोल खाच पाडली. नळीची कड लाकडाशी सपाट मिळावी, दिसायला सुबक व्हावी, एवढाच हेतू. पंचविसाव्या की तिसाव्या बाणाला धनुष्य नेमके त्या खाचेतून मोडले. वरची भुजा कानाजवळून गेली. चार बोटे अलीकडे आली असती, तर आज हे भाषण कुणी दुसऱ्याने केले असते.

कारण सोपे आहे. पोलाद वाकत नाही आणि लाकूड वाकते. दोहोंच्या सीमेवर ताण गोळा होतो. त्यात आपण खाच पाडली म्हणजे लाकडाला मोडायची जागाच नेमून दिली. म्हणून लाकडाला पायरी न पाडता लांब, हळूहळू उतरता उतार द्यावा. नळीची कड कानशीने आतून गोल करावी. आणि नळीबाहेरचे चार-पाच सेंटिमीटर लाकूड जाडच ठेवावे, म्हणजे वाक तिथून पुढे सुरू होईल.

आता चिकटवणे. नळी आतून खरबरीत काचकागदाने घासावी आणि तेलकटपणा पुसून काढावा. काजळीचा मागमूस राहू देऊ नये. सरस इथे कामाचा नाही. दोन भाग मिसळून लावायचे, सावकाश सुकणारे इपॉक्सी वापरावे. बाहेरच्या नळीच्या मोकळ्या भागाला आणि आतल्या नळीला बाहेरून आधी मेण लावून ठेवावे. नाहीतर ओघळलेले इपॉक्सी दोन्ही नळ्या जन्माच्या चिकटवून टाकील, आणि जोडाचे धनुष्य पुन्हा अखंड होईल!

इपॉक्सी ओले असतानाच जोड बसवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणावा. तो मुठीच्या बरोबर मध्यावरून गेला पाहिजे. मुठीत एका अंशाची चूक राहिली, तर तीन फुटांवरच्या टोकाशी ती दीड सेंटिमीटर होते. दोरा जुळला की धनुष्य आधार देऊन ठेवावे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नये. भुजा तासून वाक सारखा करायचे काम त्यानंतरचे. आधी वाक काढून मग नळी बसवली, तर दोन्ही कामे बिघडतात.

एक इशारा देतो. ज्या धनुष्याची मूठही वाकते, त्याला हा जोड लावू नये. सातपुड्यातले भिल्ल बांधवांचे बांबूचे धनुष्य अखंड कांबीचे. ते कापण्यात शहाणपण नाही. जोड शोभतो तो ताठ, जाड मुठीच्या धनुष्याला.

पुढची निगा थोडकीच. नळ्यांना तेलाचा हलका हात द्यावा, जोडाच्या दोन्ही बाजूंना खूण करावी. उन्हात उभ्या मोटारीत धनुष्य ठेवू नये. उष्णतेने इपॉक्सी मऊ पडते. आणि दर वेळी दोरी चढवण्यापूर्वी नळीच्या तोंडाशी नखाने चाचपून पाहावे. बारीकशी चीर लागली, किंवा ओढताना ‘टक्’ असा आवाज आला, तर त्या दिवशी बाण परत भात्यात घालावा. नवे लाकूड रानात मिळते. डोळा मिळत नाही.